ओळख पटविणारा रंग

सुरतेच्या इतिहासाची गोष्ट निघाली की आपल्या मराठी घरांत प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन साले निघतात. त्यामागून गायकवाडांचा अंमल, नवसारी प्रांत, बडोदे संस्थानची चाकरी असे धागे येतात आणि आपली जुनी कुटुंबे तापीकाठी कशी स्थिरावली याचा थोडाफार उलगडा होतो. परंतु या शहराला आणखी एक इतिहास आहे. तो स्वाऱ्यांचा नाही आणि सनदांचाही नाही. तो रंगाचा आहे. किनखाब, रेशीम आणि जर यांच्या जोरावर ज्या शहराचे नाव दूरदेशी पोहोचले, आणि ज्याच्या पांडेसरा भागातील रंगगृहांतून आज कृत्रिम धाग्याचे कापड बाहेर पडते, त्या शहराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. प्रत्येक रंग प्रत्येक धाग्याला धरत नाही. रेशमाला जो रंग घट्ट बिलगतो तोच सुतावरून पाण्याबरोबर वाहून जातो. पॉलिएस्टरला तर वेगळ्याच जातीचा रंग लागतो आणि तोही उष्णता व दाब देऊन मुरवावा लागतो. रंग आणि धागा यांची ही निवड एकदा कळली म्हणजे रंगावरून धागा ओळखता येतो.

रंगाऱ्याचे हे ज्ञान वैद्यकाच्या हाती कसे गेले, त्यातून आपल्या शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींची ओळख कशी पटू लागली, आणि ही ओळख वेळेवर न पटल्यास माणसांवर काय ओढवते, याचा मागोवा या लेखात घेण्याचा आमचा विचार आहे. विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचा एक पदर १९९४ च्या सुरतेपर्यंत येतो, म्हणून तो आपल्या वाचकांना परका वाटणार नाही अशी आशा आहे.

प्रारंभ रंगाच्या कारखान्यापासूनच करावा लागतो. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८७१ मध्ये जर्मन रसायनज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुरोसीन नावाचे द्रव्य घडविले. याचे वैशिष्ट्य असे की त्याच्यावर निळा किंवा जंबुपार प्रकाश पडला असता ते तो शोषून घेते आणि स्वतः हिरव्या प्रकाशाने झळकते. या गुणाला मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात. फ्लुरोसीनमध्ये ब्रोमिन मिसळले की इओसिन हा गुलाबी रंग होतो. इओसिनने युरोपात रेशीम रंगले आणि त्याच इओसिनने पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत मानवी ऊतकांचे काप रंगू लागले. रेशीम आणि ऊतक दोन्ही प्रथिनांची बनलेली, तेव्हा जो रंग एकाला धरतो तो दुसऱ्यालाही धरावा यात नवल नाही.

हे नाते ज्याने प्रथम गांभीर्याने घेतले तो पाउल एर्लिख. १८७८ साली लाइप्झिग येथे त्याने पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषयच ऊतके रंगविण्याचे शास्त्र हा होता. कोणता रंग कोणत्या पेशीला धरतो हे पाहता पाहता रक्तातील पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या नाहीत हे त्याच्या ध्यानी आले. ज्यांच्या पोटातील कण इओसिनने लालभडक होतात त्यांना त्याने इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असलेल्या पेशी, असे नाव दिले. ते आजही चालते. शरीरातील विशिष्ट घटकाशी विशिष्ट द्रव्यच जुळते, कुलपाला किल्ली बसावी तसे, हा विचार त्याच्या मनात रंगांच्या अभ्यासातून रुजला आणि आयुष्यभर टिकला.

परंतु साध्या रंगांची धाव मर्यादित होती. आजही एखाद्या पॅथॉलॉजिस्टकडे रक्ताचा थेंब काचेवर पसरून लीशमनच्या रंगाने रंगविला, तर लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात त्या सगळ्या जवळजवळ सारख्याच: मधोमध गडद गोल केंद्रक आणि भोवती फिक्या निळ्या रंगाची बारीक कड. त्यांपैकी एखादी प्रतिपिंडे बनविणाऱ्या कुळातली असते, एखादी विषाणूने ग्रासलेल्या पेशीचा वध करणारी असते, तर एखादी या सर्वांना हुकूम देणारी असते. कामे इतकी भिन्न, पण पोशाख एकच. रंग त्यांचा आकार दाखवीत होता, नाव सांगत नव्हता.

नाव सांगण्याची शक्ती निसर्गानेच एका पदार्थाला दिलेली आहे. तो पदार्थ म्हणजे प्रतिपिंड. शरीरात परके द्रव्य शिरले की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती नेमकी त्याच द्रव्याला जाऊन चिकटतात. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वात यांच्या संदर्भात हा गुण उजेडात आणला. पुढे कार्ल लँडस्टायनर याने विसाव्या शतकाच्या आरंभी याच गुणाच्या आधारे मानवी रक्ताचे गट पाडले. या शास्त्रात मुंबईनेही मोलाची भर घातली आहे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे रक्त वर्णन केले की ज्याच्या तांबड्या पेशींवर ‘ए’ नाही, ‘बी’ नाही आणि ‘ओ’ गटाच्या माणसांतही आढळणारे ‘एच’ हे मूळ द्रव्यही नाही. जगाच्या पाठ्यपुस्तकांत हा गट ‘बाँबे’ या नावाने गेला. वरवरच्या तपासणीत असा माणूस ‘ओ’ गटाचा वाटतो; त्याला ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर मात्र प्राणावर बेतते. ओळख अर्धवट पटणे हे न पटण्याहून घातक कसे ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

तांबड्या पेशींच्या बाबतीत प्रतिपिंडाचे काम डोळ्यांना दिसते, कारण पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. पण ऊतकाच्या कापात एखाद्याच पेशीला प्रतिपिंड चिकटले तर ते कसे दिसावे? हा प्रश्न अमेरिकेतील अल्बर्ट कून्स या तरुण डॉक्टरला पडला तो १९३९ च्या उन्हाळ्यात, बर्लिनच्या मुक्कामी. संधिवाताच्या तापात हृदयात ज्या गाठी होतात त्यांत रोगजंतूचा अंश असतो का, हे त्याला पाहायचे होते. अंश असेल तर त्याचे प्रतिपिंड त्याला चिकटेल, आणि प्रतिपिंडालाच जर दिसेल असा रंग लावून ठेवला तर जागा कळेल, अशी त्याची कल्पना. हार्वर्डला परतल्यावर तेथील रसायनज्ञांच्या साहाय्याने त्याने न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडाला निळे झळकणारे द्रव्य जोडले. १९४१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. रंग जोडूनही प्रतिपिंडाची निवडशक्ती कायम राहिली होती. अडचण एवढीच, की जंबुपार प्रकाशात ऊतकही आपण होऊन निळसर झळकते. निळ्यात निळे मिसळले की खूण कशी ओळखावी? म्हणून कून्सने रंग बदलला आणि बायरच्या फ्लुरोसीनची हिरवी झळाळी पत्करली. १९४२ मध्ये त्याने उंदरांच्या ऊतकांत जंतूचा अंश हिरवा उजळलेला दाखविला. रेशमाच्या रंगाचे भावंड आता रोगाचा माग काढू लागले.

मध्ये महायुद्ध आले. कून्स सैन्यात गेला आणि परत आल्यावर त्याने मेल्विन कॅप्लन याच्यासह १९५० मध्ये ही पद्धत सुधारून मांडली. या सुधारणेतील एक युक्ती आम्हांला विशेष विचार करण्याजोगी वाटते. चकाकणारे प्रतिपिंड कापावर घातले की ते हव्या त्या जागी चिकटतेच, पण त्या द्रावणातील काही भाग नको तेथेही चिकटतो आणि सगळाच काप हिरवट दिसू लागतो. मग खरी खूण कोणती आणि खोटी कोणती हे कळत नाही. यावर उपाय म्हणून त्यांनी यकृताची वाळवून केलेली पूड घेतली आणि वापरण्यापूर्वी ते द्रावण त्या पुडीबरोबर ढवळले. ज्याला कशालाही चिकटण्याची खोड आहे ते पुडीला चिकटून बाजूला झाले. जे आपल्या नेमक्या जोडीदारासाठी थांबून होते तेवढेच द्रावणात उरले. त्यानंतर काप धुणेही तितकेच महत्त्वाचे. कोणताही रंगारी सांगेल की रंग पक्का की कच्चा हे धुतल्यावरच कळते.

१९५५ साली कून्स, एलिझाबेथ लेडक आणि जीन कॉनली यांनी या पद्धतीचा मोहरा रोगजंतूवरून शरीराच्या स्वतःच्या पेशींकडे वळविला. प्रतिपिंडे नेमकी कोणत्या पेशीत बनतात हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. त्यांनी सशाच्या ऊतकावर आधी प्रतिजन आणि मग त्या प्रतिजनाला चिकटणारे चकाकते प्रतिपिंड असे थरावर थर दिले. ज्या पेशी हिरव्या उजळल्या त्या प्लाझ्मा पेशी निघाल्या. संरक्षक पेशीला तिच्या कामावरून ओळखण्याचा हा आरंभीचा ठळक प्रसंग म्हणता येईल. १९५८ मध्ये फ्लुरोसीनचे आयसोथायोसायनेट हे टिकाऊ रूप हाती आले. आधीच्या रूपासाठी फॉस्जीनसारखा विषारी वायू वापरावा लागे. ती आपत्ती टळली आणि ही पद्धत सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्यात आली.

पुढील वीस वर्षांत दोन दिशांनी मोठी प्रगती झाली. पहिली मोजणीच्या यंत्राची. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून शेकडा-दोनशे पेशी मोजता येतात, लाखो नाहीत. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर याने १९६५ मध्ये पेशी थेंबाथेंबांतून वेगळ्या करणारे यंत्र जुळविले. थेंबावर विद्युत्भार देऊन त्याला हव्या त्या बाजूला वळविण्याची क्लृप्ती त्याने स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट याच्या शाई उडविणाऱ्या छपाईयंत्रावरून घेतली होती. स्टॅनफर्डलाच लेनर्ड हर्झेनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ ते १९७२ या काळात यात प्रतिदीप्ती आणि लेसर यांची जोड दिली. पाण्याच्या बारीक धारेतून पेशी एकामागोमाग एक जातात, लेसरच्या झोतापुढून जाताना जिच्या अंगावर चकाकते प्रतिपिंड असेल ती उजळते, आणि यंत्र तिची नोंद करते. सेकंदाला हजारो पेशींची हजेरी अशी घेता येऊ लागली.

दुसरी प्रगती खुद्द प्रतिपिंडांची. प्राण्याच्या रक्तातून मिळणारी प्रतिपिंडे हे एक मिश्रण असते. प्रत्येक प्राण्याचे मिश्रण वेगळे. १९७५ मध्ये केंब्रिज येथे गेओर्ग क्योलर आणि सेझार मिलश्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशीचा कर्कपेशीशी संयोग केला आणि एकाच तऱ्हेचे प्रतिपिंड अखंड बनविणारा पेशींचा वंश निर्माण केला. याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावरील एकेका रेणूसाठी एकेक शुद्ध प्रतिपिंड तयार होऊ लागले. इतके, की गोंधळ माजला. एकाच रेणूला एक प्रयोगशाळा ‘टी-४’ म्हणे, तर दुसरी ‘ल्यू-३’. तेव्हा १९८२ मध्ये पॅरिस येथे संशोधक जमले, एकाच रेणूला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला ‘सीडी’ या अक्षरांपुढे क्रमांक दिला. सर्व टी पेशींवर असणारा तो सीडी-३, हुकूम देणाऱ्या साहाय्यक पेशींवरचा सीडी-४, वध करणाऱ्या पेशींवरचा सीडी-८, प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी कुळाचा सीडी-१९. आज ही यादी साडेतीनशेच्या पुढे गेली आहे.

या यादीत मुंबईचाही एक दुवा आहे. १९७३ साली मुंबईतील संशोधकांनी भारतीयांच्या रक्तात एक नवा प्रतिजन शोधला. शेकड्यास साधारण तीन-चार जणांत तो आढळे. देशाच्या नावावरून त्या रक्तगटप्रणालीला ‘इंडियन’ असे नाव पडले. पुढे १९८८ मध्ये असे दिसून आले, की हा प्रतिजन ज्या रेणूवर बसलेला असतो तो सीडी-४४ होय. आणि हाच रेणू लिम्फोसाइटना ऊतकांत योग्य ठिकाणी पोहोचण्यास मदत करतो. रक्तपेढीतील एका रक्ताच्या जुळणीतून निघालेला धागा अशा रीतीने संरक्षक पेशींच्या अंगरख्यापर्यंत जाऊन भिडला.

या सर्व विद्येची पहिली मोठी कसोटी १९८१ मध्ये लागली. लॉस एंजेलिस येथे मायकेल गॉटलिब या डॉक्टरला काही तरुण रुग्णांत एक विचित्र न्यूमोनिया दिसला. नव्याने उपलब्ध झालेल्या प्रतिपिंडांनी रक्त तपासता आढळले, की या रुग्णांच्या साहाय्यक टी पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. रोगाला अजून नाव नव्हते, विषाणूचा पत्ता नव्हता. पण कोणती पेशी मरते आहे हे मात्र कळले होते. तो रोग एड्स. दहा वर्षे आधी तो आला असता तर कोणती पेशी नाहीशी होते हे सांगण्याचे साधनच वैद्यकापाशी नव्हते. भारतात १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांच्या प्रयत्नांनी एचआयव्हीची लागण प्रथम उजेडात आली, आणि १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली.

येथपर्यंतचा इतिहास ओळख पटल्याचा आहे. आता ती वेळेवर न पटल्याचा एक प्रसंग सांगावयास हवा, आणि तो आपल्याच शहरातला आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात तापीच्या पुराचे पाणी सुरतेच्या सखल वस्त्यांत शिरले. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या परिसरातून तापाने आणि रक्ताच्या खोकल्याने बेजार झालेले रुग्ण सिव्हिल रुग्णालयात येऊ लागले आणि काही जण पाहता पाहता दगावले. २१ सप्टेंबरपासून शहरात एकच शब्द फिरू लागला. पुढील काही दिवसांत त्या वेळच्या सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या शहरातून काही लाख माणसे रेल्वे, बस, मिळेल त्या वाहनाने निघून गेली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. मृतांचा आकडा पन्नासच्या थोडा पुढे राहिला. भीतीचा आकडा कोणी मोजला नाही.

या काळात वैद्यकीय वाद पेटला तो ओळखीवरूनच. प्लेगचा जंतू साध्या रंगाने रंगविला तर दोन टोकांना गडद आणि मध्ये फिका दिसतो. मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. परंतु मेलिऑइडोसिस या दुसऱ्या एका रोगाचा जंतूही रंगविल्यावर तसाच दिसतो, आणि पुरानंतर तो रोगही संभवतो. तेव्हा हा प्लेग, की मेलिऑइडोसिस, की एखादा विषाणू, अशी चर्चा वृत्तपत्रांतून आणि वैद्यकीय नियतकालिकांतून महिनोन्‌महिने चालली. रंग आकार दाखवतो, नाव सांगत नाही, हे वर म्हटलेच आहे. प्लेगच्या जंतूवर मानवी शरीराच्या उष्णतेत एफ-१ नावाचे आवरण चढते. त्या आवरणाविरुद्धचे चकाकते प्रतिपिंड मेलिऑइडोसिसच्या जंतूला धरत नाही, प्लेगच्या जंतूला धरते. ही चाचणीही अखेरचा शब्द मानली जात नाही. जंतू वाढवून वेगळा काढणे आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे वाढताना दाखविणे हेच पक्के प्रमाण. पण ती काही तासांत दिशा दाखवू शकते, आणि साथीच्या पहिल्या दिवसांत काही तासांचे मोल फार असते. पुढे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा प्लेगच असल्याचा निष्कर्ष दिला; ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने १९९६ मध्ये आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने २००० मध्ये जंतूच्या तपासणीतून त्याला पुष्टी दिली. उत्तर मिळाले, पण गरज होती तेव्हा ते हाताशी नव्हते.

जेव्हा जंतूची ओळख पटत नाही तेव्हा समाज रिकामा बसत नाही. तो माणसांवर खूण करतो. त्या सप्टेंबरात ‘सुरतेहून आलेला’ ही खूण झाली. मुंबईच्या स्थानकांवर सुरतेच्या गाड्यांतील उतारू तपासले गेले, आणि परदेशांनी भारतातून जाणारी विमाने अडविली. खुद्द सुरतेत वेगळी खूण निघाली. बीड भागातून गणेशोत्सवाच्या सुमारास परतलेल्या मराठी मजुरांनी हा रोग आणला, असा तर्क बोलला जाऊ लागला. कून्सच्या भाषेत सांगायचे तर हे नको तेथे चिकटणारे रंगद्रव्य होते. सगळा काप हिरवट झाला होता आणि खरी खूण त्यात हरवली होती. हातमाग सोडून यंत्रमागावर आलेला खानदेशी कामगार, हिऱ्याला पैलू पाडणारा सौराष्ट्रातला तरुण, आपल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणारी कुटुंबे, सर्वांच्या अंगाला तो रंग थोडाबहुत लागला. आपल्या नात्यागोत्यांत त्या दिवसांत कोणाला कोणाच्या दारात किती वेळ उभे राहावे लागले, हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक असेल.

ते वर्ष सुरतेला शिकवूनही गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि गटारे, कचरा, रोगांची दैनंदिन नोंद या गोष्टींना जी शिस्त लागली तिची वाहवा देशभर झाली. रोगाची बातमी वस्तीतून रोजच्या रोज कार्यालयात पोहोचणे, हीसुद्धा ओळख पटविण्याचीच एक रीत होय.

त्यानंतर दहा वर्षांनी चकाकत्या प्रतिपिंडांचा संबंध सामान्य माणसाच्या आयुष्याशी अगदी थेट आला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला. औषधे कोणाला आधी द्यायची हे ठरविण्यासाठी एक आकडा धरला गेला: रक्ताच्या एका घन मिलीमीटरमध्ये सीडी-४ पेशी २०० पेक्षा कमी. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. ही मोजणी कशी होते? रक्ताच्या काही थेंबांत दोन रंगांची प्रतिपिंडे घालतात, एक सीडी-३ साठी आणि एक सीडी-४ साठी, आणि नळी थोडा वेळ अंधारात ठेवतात. मग ते रक्त लेसरपुढून जाते. ज्या पेशी दोन्ही रंगांनी उजळतात त्याच मोजतात. एकट्या सीडी-४ वर भागत नाही, कारण रक्तातील मोनोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशींवरही तो थोडा असतो. एका खुणेवर विसंबून निर्णय देऊ नये, हा या यंत्राचा नियमच आहे.

सुरतेसारख्या स्थलांतरितांच्या शहरात हा आकडा अनेकांच्या नशिबी आला. यंत्रमागावर दोन पाळ्यांत राबणाऱ्या खानदेशी किंवा ओडिया कामगाराच्या हातातील कागदावर २१० असेल तर थांबायचे आणि १९० असेल तर औषध सुरू, इतका तो कठोर होता. साधनेच अपुरी असतील तर कोठे तरी रेघ मारावी लागते हे खरे. पण रेघेच्या अलीकडच्या माणसाला ते समजावणे सोपे नसते. पुढे ही मर्यादा वाढत ३५० वर आली, आणि २०१७ मध्ये आकडा कितीही असो, लागण झालेल्या प्रत्येकाला उपचार, असे धोरण ठरले. सीडी-४ ची मोजणी तेव्हापासून दार अडविणारी राहिली नाही. रोग किती पुढे गेला आहे हे सांगणारी झाली. त्याच वर्षी एचआयव्ही बाधितांविरुद्ध भेदभावास मनाई करणारा कायदा संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. पेशीवरील खूण प्रयोगशाळेतच राहावी, ती माणसाच्या कपाळावर येऊ नये, असाच त्या कायद्याचा आशय आहे.

अलीकडे तर ओळखीची खूण हीच उपचाराची वाट झाली आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत रोगट पेशी काचेवर एकमेकींसारख्या दिसल्या तरी त्यांच्या अंगावरील सीडी क्रमांकांवरून त्या कोणत्या कुळातल्या हे कळते आणि त्यावर औषधयोजना ठरते. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून एक उपचारपद्धती निर्माण झाली. तीत रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना सीडी-१९ ओळखण्यास शिकवितात आणि परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला देशात मान्यता मिळाली. सीडी-१९ निरोगी बी पेशींवरही असतो, त्यामुळे त्याही त्यात खर्ची पडतात. नेमकेपणा अजून पूर्ण झालेला नाही.

रेशमाच्या रंगापासून निघालेली ही कथा येथवर आली आहे. तिच्यातील यंत्रे महाग आहेत, नावे परकी आहेत, पण तिचा गाभा आपल्या ओळखीचा आहे. रंग चढविणे हे काम निम्मेच. उरलेले निम्मे काम धुण्याचे. जे नको तेथे लागले आहे ते निघून जाईपर्यंत कापड पाण्यात फिरवावे लागते. १९९४ साली आपल्या शहरावर जो रंग उडाला त्यातला जंतूचा भाग प्रयोगशाळांनी सहा वर्षांत निश्चित करून दाखविला. माणसांवर उडालेला भाग धुऊन काढणे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेचे काम नव्हते. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा चाचणीचे उत्तर येईपर्यंतचे ते काही तास किंवा काही दिवस आपण शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे आपल्याच हाती असणार आहे.